मंडळीतली पोरं प्रश्न विचारतात, पंचांनी काय करावं?

वणीकर:
सलाम. यवतमाळ जिल्ह्यातली चाळीस घरांची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आमचं चर्च. पाळकसाहेबांकडे (पास्टर) चार गावं, आमच्याकडे महिन्यातून दोनच रविवार येतात. बाकी सारं पंच पाहतात. नागपूर-पुण्याला शिकणारी पोरं सुट्टीत येतात आणि "हे असंच का?" विचारतात. पंच म्हणतात, श्रद्धा राहिली नाही. उपाय सांगा.

जुना पंच:
भाऊ, पंचांनी श्रद्धा आणि धाक यांची गल्लत केली. फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारने १९७९ मध्ये उत्तराधुनिकतेला, म्हणजे आधुनिकतेनंतरच्या विचाराला, 'महाकथांवरचा अविश्वास' म्हटलं; महाकथा म्हणजे सगळ्याचा अर्थ लावणारी एकच मोठी गोष्ट. गावात त्याचा अर्थ इतकाच, की पाळकाने सांगितलं म्हणून खरं, हे आता चालत नाही.

पाळक नसतात त्या रविवारी प्रवचन पंधरा मिनिटं, मग वीस मिनिटं प्रश्न. बाकं गोल मांडा. प्रश्न बुधवारपर्यंत बिननावाच्या चिठ्ठ्यांवर घ्या. प्रवचन करणारा वेगळा, प्रश्न चालवणारा वेगळा. एकच माणूस असला की प्रत्येक प्रश्नाचं दुसरं प्रवचन होते अन् पोरं मोबाईल काढतात. उत्तर येत नसेल तर प्रश्न वहीत लिहा, आणि पुढच्या रविवारी तीच वही आधी उघडा. हे एकदा चुकलं की चिठ्ठ्या बंद. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाचा हट्ट सोडा, संध्याकाळी सात ठेवा.

हिशेबनीस:
पोरांचा निम्मा राग पैशावर असतो, बोलत नाहीत एवढंच. बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र ८:२०-२१ पाहा: वर्गणी नेताना कुणी बोट ठेवू नये म्हणून पौल सोबत माणसं देतो. दानपेटी उपासना संपताच तिथंच मोजा, दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी, वहीत दोघांच्या सह्या. घरी नेली की रुपया न जाताही संशय येतो. भिंतीवरचा क्यूआर कोड खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा तर नाही ना? सर्रास असतो.

मंडळीचा स्वतःचा ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. नाहीतर कागदावर देवाघरी गेलेलेच विश्वस्त राहतात आणि बँकेत सही अडते. मालमत्ता धर्मप्रांताच्या (बिशपच्या कारभाराखालचा भाग) नावावर असेल तर तिथं विचारा.

शब्बाथशाळा ताई:
बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ वाचा. पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवा सुटत होत्या. ते काम पाहायला निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक! म्हणजे तक्रार ज्यांची, कामही त्यांच्याच लोकांकडे. पोरांना मात्र एकदम पंच करू नका, पहिलं तीमथ्य ३:६ नवशिक्याला नको म्हणतं. आधी सहा महिने एक पूर्ण काम द्या, गायन किंवा हिशेबाची वही, आणि मधे हात घालू नका. बायकांनाही पंचात घ्या, घरोघरची खबर त्यांनाच असते.

वणीकर:
बाकं फरशीत पक्की बसवलेली आहेत हो.

जुना पंच:
मग वेदीपुढं सतरंजी टाका. पंचांनीही खालीच बसायचं.