विकिरण दिलेला हरभरा दोन-तीन पानांवर अडकलाय, मदत हवी आहे

घाटेदार: नवा वाण मिळावा म्हणून हरभऱ्याच्या बियांना गॅमा किरण देऊन पेरलं. उगवण झकास झाली, पण आता रोपं दोन-तीन पानांवरच थांबलीत. पानं जाड, कडा आत वळलेल्या, शेंडा जागचा हलत नाही. खत दिलं, काही फरक नाही. ठेवू की उपटून नव्यानं पेरू? हंगाम हातचा चाललाय, लवकर सांगा.

बांधावरून: डोस किती? देशी की काबुली? शेजारी विकिरण न दिलेली ओळ आहे का?

घाटेदार: डोस ४०. काबुली. साधी ओळ छान वाढतेय, म्हणजे माती ठीक आहे. उपटू का, तेवढं सांगा ना.

मुळाक्षर: ४० काय? किरणांच्या मात्रेचं एकक कोणतं, ग्रे की किलोरॅड? ४० किलोरॅड म्हणजे ४०० ग्रे. ४० ग्रेला हरभरा असा बसत नाही.

हिरवीशेंग: किरणांच्या फंदात पडूच नका. ईएमएस या जनुकं बदलणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बी भिजवा. गुणसूत्रांची मोडतोड कमी होते. मी तेच वापरते.

बांधावरून: ईएमएस कर्करोगकारक आहे, ते का नाही सांगत? उरलेलं द्रावण निष्प्रभ करायची सोय नसेल तर हातही लावू नये.

हिरवीशेंग: सोय असलेल्यांनाच सांगतेय. गॅमानं डीएनएचे मोठे तुकडे गळतात, त्यात शेजारचे चांगले जनुकही जातात.

नवावाचक: अशा डाळी खाल्ल्या तर किरणोत्सर्ग पोटात जात नाही का?

मुळाक्षर: नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी बी किरणोत्सर्गी होत नाही.

शेंगाप्रेमी: भुईमुगात केवढं काम झालंय! भाभा अणुसंशोधन केंद्राचा टीजी-१ वाण क्ष-किरणांतून आला, १९७३ साली. पुढे अशाच वाणांच्या संकरातून टीएजी-२४. उडदात टीएयू-१.

बांधावरून: विचारलंय हरभऱ्याचं. पाकिस्तानचा करपा-प्रतिकारक सीएम-७२ (१९८३) १५० ग्रेमधून निघाला. ४०० कशाला हवेत?

घाटेदार: किलोरॅडच. बी सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे खडे) ठेवलेलं होतं, तिथून थेट किरणांना नेलं.

मुळाक्षर: मग उलगडा झाला. फार कोरड्या बीला त्याच डोसची इजा जास्त होते आणि काबुली देशीपेक्षा नाजूक. उगवण फसवी असते. बियात आधीच तयार असलेल्या पेशी नुसत्या फुगून कोंब वर येतो. पुढे शेंड्यात पेशी विभागायला लागतात, तिथे गुणसूत्रं तुटलेली असली की वाढ थांबते. खतानं ते सुटत नाही. उपटू मात्र नका. काहींना बाजूनं फुटवा येईल. घाटे कमी धरतील, तरी प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पुढच्या वेळी झाडागणिक ओळ पेरा. बहुतेक बदल अप्रभावी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच दिसणारे असतात, म्हणून ते दुसऱ्या पिढीतच दिसतात. ओळीत पांढरी-पिवळी रोपं निघाली की किरण लागू पडले समजा.

घाटेदार: जाड पानांची झाडं निवडून काढू?

मुळाक्षर: अजिबात नको. पहिल्या पिढीतली विकृती बहुतेक इजेची असते, वारशानं येत नाही. नव्या बीचे गट करून गटागणिक १०० पासून ४०० ग्रेपर्यंत वाढता डोस द्या आणि रोपांची उंची मोजा. साध्या रोपाच्या निम्मी होते, त्या डोसच्या आसपास किंवा थोडं खाली राहा. त्याआधी बीचा ओलावा १२-१३ टक्क्यांवर आणा.

घाटेदार: ओलावा नेमका कसा आणू?

बांधावरून: बंद डेसिकेटरमध्ये (हवाबंद झाकणाचं काचेचं भांडं) तळाला ६० टक्के ग्लिसरीनचं पाणी, वर जाळीवर बी. आठवडाभर. द्रावण बीला लागू देऊ नका.