टोक्यो रिव्हेंजर्समधलं स्वस्तिक कुणी पुसलं? पॉलिटिकल करेक्टनेसमुळे मांगाची वाट लागतेय का?

खादाड_बोका

मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय, म्हटलं इथे विचारावी. टोक्यो रिव्हेंजर्स बघितलंत का कुणी? २०२१ ला ॲनिमे (म्हणजे जपानी कार्टून मालिका) आला तेव्हा मी एका दमात संपवला आणि मग त्याचा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक वाचायला घेतला, तर त्यात त्या पोरांच्या गँगचं नावच टोक्यो मान्जी आणि मान्जी म्हणजे आपलं स्वस्तिकच की, झेंड्यावर, कोटावर सगळीकडे. पण परदेशात जे व्हर्जन दाखवलं त्यात ती खूणच गायब! कुठे सरळ पुसलेली, कुठे तिच्यावर भगभगीत उजेड मारलाय. अरे आमच्या उंबऱ्यावर स्वस्तिक, स्कूटरच्या डिकीवर स्वस्तिक, दसऱ्याला आई मिक्सरवर पण काढते, आणि हे लोक काहीतरी अश्लील असल्यासारखं झाकतात. डोकं फिरलं माझं. प्रश्न असा की हे वेस्टचं पॉलिटिकल करेक्टनेसचं खूळ आता जपानी कॉमिक्समध्ये पण घुसलंय का? पूर्वी तिकडे कुणी काहीही काढू शकायचं ना, म्हणून तर मांगा एवढा भारी?

योकोहामाचा_पाहुणा

सहा वर्षं इथे आहे म्हणून दोन शब्द. खुणेचं आधी सांगतो. जपानमध्ये नकाशावर देऊळ दाखवायला मान्जीच असते, म्हणजे बौद्ध मंदिर. ती सहसा डावीकडे वळलेली असते, आपण काढतो ते उजवीकडे, आणि नाझींचं उजवीकडे वळलेलं पण तिरकं उभं केलेलं. इथल्या माणसाला त्यात हिटलर दिसत नाही. पण तीच मालिका जर्मनीतही विकायची असते आणि तिथे ती खूण कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते, मग प्रत्येक देशाला वेगळी फिल्म कोण करत बसणार, एकदाच पुसून टाकतात सगळ्यांसाठी. हे तत्त्व वगैरे काही नाही रे, कंटाळा आणि हिशोब आहे. पोकेमॉनच्या पत्त्यांमध्ये १९९९ लाच हे झालंय, जपानी पत्त्यावर मान्जी होती म्हणून तक्रार आली आणि चित्र बदललं.

आता दुसरं, 'पूर्वी काहीही काढता यायचं' हे मात्र साफ चूक. १९५५ च्या सुमाराला इथे पालक आणि शिक्षकांनी 'वाईट पुस्तकं हटवा' म्हणून मोहीम काढली होती, मांगा गोळा करून जाळले सुद्धा. १९६८ ला गो नागाईचा शाळेवरचा चावट मांगा शोनेन जंप या पोरांच्या मांगा मासिकात सुरू झाला तर देशभरातल्या पालक संघटना अंगावर आल्या. ओसामु तेझुका, ज्याला मांगाचा देव म्हणतात, त्याला पण सुटका नाही. १९९० मध्ये ओसाकाकडच्या एका कुटुंबाने चालवलेल्या छोट्याशा संघटनेने पत्रांवर पत्रं पाठवली की तेझुकाच्या जुन्या चित्रांत आफ्रिकन माणसं जाड ओठांची, रानटी अशी काढलीत. तेझुका १९८९ लाच गेलेला, बदलणार कोण? मग पुस्तकं काही काळ थांबली आणि नंतर चित्रं तशीच ठेवून सोबत खुलासा छापायला लागले. मला विचाराल तर हा सगळ्यात बरा मार्ग, झाकायचं नाही आणि दुर्लक्ष पण नाही.

आणखी एक, हे आपल्या लोकांना पटकन कळेल. इथे बुराकू म्हणून समाज आहे, पूर्वी चामड्याचं, कत्तलखान्याचं काम करणारे, त्यांच्या वाट्याला काय आलं असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यांना हिणवायला चार बोटं दाखवायची पद्धत होती, म्हणजे चार पायांचं जनावर. त्यामुळे चार बोटांचं पात्र इथे फार जपून आणतात, ९० च्या दशकात एका अमेरिकन व्हिडिओ गेमच्या हिरोची चाराची तीन बोटं करावी लागली. याला खूळ म्हणायचं का? मी तरी नाही म्हणणार.

सह्याद्री_ओताकू

पाहुणे, तुमचं ज्ञान मान्य पण तुम्ही फार मऊ बोलता. २०१९ ला रेडक्रॉसने रक्तदानासाठी उझाकी-चान या मांगातल्या पोरीचं पोस्टर लावलं तर केवढा गदारोळ, का तर म्हणे पोरीची छाती मोठी काढलीय. रक्त द्यायला लोक येत होते ना मग काय प्रॉब्लेम? २०२२ ला निक्केई पेपरात 'सोमवारच्या तावावा' या मांगाची पानभर जाहिरात आली तर थेट यूएन वुमनने निषेध केला. यूएनला दुसरी कामं नाहीत? आज जाहिरात उद्या मांगा. आणि माय हिरो अकॅडेमियाचं विसरलात का २०२० चं, एका डॉक्टर व्हिलनच्या नावात 'मारुता' आलं तर चीन कोरियात बोंबाबोंब, चीनमधल्या साइट्सनी सिरीज काढून टाकली आणि लेखकाला माफी मागून नाव बदलावं लागलं. एका नावासाठी!!

अनुस्वार

ओताकू, 'एका नावासाठी' लिहिण्याआधी मारुता म्हणजे काय ते तरी बघायचं. मारुता म्हणजे लाकडाचा ओंडका. दुसऱ्या महायुद्धात मांचुरियात जपानी सैन्याचं युनिट ७३१ होतं, तिथे कैद्यांवर जिवंतपणी प्रयोग करायचे आणि त्या कैद्यांना ओंडके म्हणायचे. आणि मांगातला तो डॉक्टर पण माणसांवर प्रयोग करणाराच. ज्यांच्या घरातली माणसं तिथे मेली ते बोलणारच ना. लेखकाने म्हटलं की तसा हेतू नव्हता, मी मानते, पण चूक कळल्यावर नाव बदललं यात त्याची कला कुठे मेली ते सांग. सिरीज पुढे चार वर्षं चालली.

पोस्टरचंही तेच. तो मांगा कुणी बंद करा म्हणालं नाही. माझ्या कपाटात असली चार पुस्तकं आहेत, मी काही सोवळी नाही. पण रक्तदान केंद्राच्या दारात काय लावावं हा प्रश्न वेगळा आणि पुस्तकात काय छापावं हा वेगळा. लोकांनी टीका केली, टीका करणं पण बोलण्याचंच स्वातंत्र्य आहे.

आणि मला एक कळत नाही, तुम्ही लोक नेहमी बायकांनी आणि फॉरेनवाल्यांनी केलेल्या तक्रारीच का मोजता? २००४ ला यंग जंप मासिकात हिरोशी मोतोमियाच्या मांगात, जपानी सैन्याने चीनमध्ये केलेल्या नानजिंगच्या कत्तलीचा प्रसंग आला तर राजकारण्यांनी दबाव आणला, सिरीज थांबली आणि पुस्तक काढताना तो भाग कापला. त्याहून वाईट म्हणजे बेअरफूट गेन. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेल्या केइजी नाकाझावाने लिहिलेला, १९७३ ला शोनेन जंपमध्ये सुरू झालेला, म्हणजे आज वन पीस हा गाजलेला मांगा येतो त्याच साप्ताहिकात. डिसेंबर २०१२ ला मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांना सांगितलं की हे पुस्तक उघड्या रॅकवरून काढा, मुलांनी मागितलं तरच द्या, कारण त्यात जपानी सैनिकांची क्रूर कृत्यं दाखवलीत. त्याच महिन्यात नाकाझावा गेले. ऑगस्ट २०१३ ला पेपरात आलं तेव्हा इतकी ओरड झाली की मंडळाने निर्णय मागे घेतला. आणि २०२३ ला खुद्द हिरोशिमा शहराच्या शिक्षण मंडळाने शांतता शिक्षणाच्या पुस्तिकेतून गेन काढला. याला कुणी पॉलिटिकल करेक्टनेस म्हणताना ऐकलं नाही मी.

लेखणी_आणि_लोणचं

मला यात पैशाचा मुद्दा मोठा वाटतो. जपानच्या घटनेच्या कलम २१ मध्ये सेन्सॉरशिप नाही असं स्पष्ट लिहिलंय, दुसरीकडे दंडविधानाच्या कलम १७५ मध्ये अश्लीलतेला शिक्षा आहे, मिश्शित्सु नावाच्या मांगाच्या प्रकाशकाला सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊनही २००७ ला दंड भरावाच लागला. २०१० ला टोक्यो सरकारने 'अस्तित्वात नसलेली अल्पवयीन मुलं' म्हणजे चित्रातली पोरं, यांच्यावर नियम आणायचा प्रयत्न केला, तेव्हा बऱ्याच मांगाकारांनी जोरदार विरोध केला, मग शब्द बदलून डिसेंबरात ते पास झालंच. याच लढाईतून पुढे आलेला, लव्ह हिना हा मांगा काढणारा केन आकामात्सु २०२२ ला खासदार झाला, पाच लाखांवर मतं घेऊन, आणि तेही सत्ताधारी पक्षाकडून.

आता गंमत बघा. त्याच आकामात्सुने उभी केलेली, जुने छपाईबाहेर गेलेले मांगा वाचायला देणारी साइट २०२४ च्या नोव्हेंबरात बंद पडली. सरकारने नाही केली, कुठल्या आंदोलनाने नाही, पेमेंट घेणाऱ्या कंपनीने करार मोडला. त्याच वर्षी डीएलसाइट या मांगा-गेम विकणाऱ्या जपानी साइटवर व्हिसा, मास्टरकार्ड बंद झालं. त्याआधी कार्डवाल्यांना चालावं म्हणून त्यांनी कॅटेगरीतले शब्द बदलून काहीतरी हास्यास्पद शब्द टाकले होते, तरी उपयोग नाही. निषेधाचं पत्र लिहिणाऱ्याशी वाद घालता येतो, कार्ड कंपनीशी कसा घालणार? ती कारण पण सांगत नाही.

सह्याद्री_ओताकू

कार्डवाल्यांचं एकदम पटलं. मारुताचं मला खरंच माहीत नव्हतं, तेवढं मागे घेतो. पोस्टरचं नाही घेणार.

खादाड_बोका

बापरे, मी स्वस्तिकावरून चिडलो होतो, तुम्ही कुठल्या कुठे नेलंत. आपल्याकडे पण २००८ ला शिनचॅन बंद केलं होतं सरकारने ते आठवलं, मुलं उद्धट होतात म्हणून, मी तेव्हा शाळेत होतो आणि जाम रडलो होतो. असो. गेन कुठे मिळेल? भाचा १० वर्षांचा आहे, वाचायचा नाद आहे त्याला, मे महिन्यात येतोय, देऊ का?

अनुस्वार

इंग्लिशमध्ये मिळतं, हिंदीत पण भाषांतर झालंय. पण पहिल्या भागाच्या शेवटी बॉम्ब पडतो आणि कातडी लोंबणारी माणसं चालत येतात, मी विशीत वाचलं तरी दोन रात्री झोप नव्हती. १० म्हणजे लहान आहे रे. वरच्या कपाटात ठेव, त्याने मागितलं तर दे.

लेखणी_आणि_लोणचं

अनुस्वार ताई, मागितलं तरच द्या? मात्सुए शिक्षण मंडळात नोकरी लागली वाटतं 😂

अनुस्वार

गप रे 😂 बोका, दे त्याला, पण शेजारी बसून वाच.