‘डोळ्याला डोळा’ असं ज्यू धर्म खरंच सांगतो का?

टिळकवाडी_वाचक
वाचनालयाच्या पुढच्या बैठकीत ज्यू धर्मावर अर्धा तास बोलायचंय. व्हॉट्सॲपवर फिरतं ते एवढंच: डोळ्याला डोळा म्हणजे सूड, ‘निवडलेली प्रजा’ म्हणजे बाकीचे हलके, रब्बीनं (ज्यू धर्मगुरूनं) मंत्र म्हटला की अन्न कोशेर, म्हणजे खायला चालणारं. वर तालमूद या ज्यू ग्रंथाच्या नावावर काही भयंकर वाक्यं. यात खरं किती? नेमकं सांगा की ओ.

खानापूरकर
डोळ्यापासूनच सुरुवात करा. वाक्य तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, निर्गम 21:24 मध्ये आहे, नाकारू नका. पण नुसती तोरा वाचून ज्यू कायदा सांगणं म्हणजे मिताक्षरा ही टीका बाजूला ठेवून याज्ञवल्क्यस्मृतीच्या श्लोकावर वाटणीचा निकाल देणं. (मिताक्षरा आपल्याच कर्नाटकात, कल्याणला लिहिली गेली, हे सांगा, मागच्या रांगाही जाग्या होतील.) इथं ती जागा मिश्नेची, म्हणजे रब्बींच्या कायद्याच्या संहितेची, साधारण इ.स. 200, आणि तिच्यावरच्या चर्चेची म्हणजे तालमूदची.

मिश्नेत ‘बाबा कामा’ या प्रकरणाच्या आठव्या अध्यायात डोळा फोडणाऱ्यानं पाच बाबींचे पैसे भरायचेत: कायमचं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोजगार, अपमान. नुकसान म्हणजे दासांच्या बाजारात त्या माणसाची आधीची आणि आताची किंमत, यातला फरक. रोजगाराचा हिशेब तर बघण्यासारखा आहे. हात तुटलेल्याला बरा होईपर्यंतचा रोज द्यायचा तो काकडीच्या मळ्याचा राखणदार धरून, जुन्या कामाचा नाही. हाताची किंमत पहिल्या बाबीत चुकती झालेली असते. जुना रोज धरला तर एकाच हाताचे दोनदा पैसे जातील. अपमानाची रक्कम कुणी केला आणि कुणाचा झाला यावर ठरते.

तालमूदमध्ये 83 ब पानापासून यावर खल आहे. आंधळ्यानंच दुसऱ्याचा डोळा फोडला तर त्याचं काय फोडणार? शिवाय तोरातलंच गणना 35:31 म्हणतं, खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नका. म्हणजे अवयवाबद्दल घेता येते. ‘शब्दशः घ्या’ हे रब्बी एलिएझर यांचं मतही तिथंच नोंदलंय. तेही सांगा, नाहीतर कुणीतरी नेमकं तेवढंच वाचून उभा राहील.

निपाणी_कट्टा
कोशेरबद्दल. मंत्रानं काही होत नाही. जनावर दुभंगलेल्या खुरांचं आणि रवंथ करणारं हवं, म्हणून बकरं चालतं, डुक्कर नाही. माशाला पर आणि खवले दोन्ही हवेत, कोळंबी बाद. रक्त खायचं नाही, म्हणून मांस अर्धा तास पाण्यात, मग सगळीकडून जाडं मीठ लावून तासभर उतरत्या फळीवर, मग तीनदा धुवायचं. दळलेलं बारीक मीठ घेतलं तर ते लगेच विरघळतं आणि रक्त ओढून घेत नाही. फळी सपाट असली तर निथळलेलं रक्त मांसाखालीच साचतं. कलेजीत रक्त एवढं की मिठानं भागत नाही, ती थेट आगीवर भाजतात.

‘करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको’ हे तोरात तीनदा आलंय; त्यावरून मांस आणि दूध वेगळं. मटणानंतर बऱ्याच समाजांत सहा तास थांबतात, काहींत तीन, डच ज्यूंत एक. म्हणजे मटणाच्या ताटावर लगेच आपला कुंदा नाही, खवा आला ना! कोकणातल्या बेने इस्राएली ज्यू घरांत रश्श्याला नारळाचं दूध पडतं, त्याची अडचण नाही.

शहापूर_पेठ
‘निवडलेली’ म्हणजे जास्त बांधलेली. ज्यूला 613 आज्ञा, इतरांना नोहाच्या सात. आमोस या संदेष्ट्याचं 3:2 वाचून दाखवा: सगळ्या कुळांत तुम्हांलाच मी ओळखलं, म्हणूनच तुमच्या अपराधांची शिक्षा तुम्हांला देईन. लाड कसले त्यात!

तालमूदच्या वाक्यांना एक चाळणी लावा. खऱ्या संदर्भात प्रकरणाचं नाव, पानाचा आकडा आणि बाजू असते, जसं वर 83 ब. बाबिली (बाबिलोनियात तयार झालेल्या) तालमूदचं जवळपास प्रत्येक प्रकरण पान 2 पासून सुरू होतं, पान 1 कशातच नसतं. कुणी ‘पान 1’ लिहिलं की समजा, त्यानं ग्रंथ उघडलेला नाही.

टिळकवाडी_वाचक
माझ्याकडच्या मेसेजखाली ‘लिब्रे डेव्हिड 37’ असं आहे.

शहापूर_पेठ
त्या नावाचं प्रकरण तालमूदमध्ये नाहीच. ते वाक्य बनावट, गाळून टाका.