भार घेणारा खांब आतून पोकळ करावा का?

ओटीपडवी
कोकणात सध्या जुन्या घरांची डागडुजी जोरात चालू आहे. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढायची, तिथे मधोमध ओटा घालायचा, हा बेत बऱ्याच घरांत दिसतो. ओट्यावर मिक्सर, इंडक्शन आलं की वीज आणायची कुठून? जुनी फरशी फोडायला जीव होत नाही. मग माळ्यावरून वायर उतरवायला ओट्याच्या कडेला लाकडी खांब उभा करतात, आतून पोकळ. इथवर उत्तम. पण हल्ली भिंत काढल्यावर आलेली तुळईही त्याच खांबावर टेकवतात. याला माझा ठाम विरोध आहे.

वायरीचा खांब चार फळ्यांचा असावा आणि त्याची एक फळी स्क्रू काढून उघडता यावी. भाराचा खांब भरीवच असावा. दोन्ही कामं एकावर लादली की पंचाईत होते. उघडणारी फळी भार घेत नाही, आणि उरलेल्या तीन बाजू वजनाखाली पिळवटू शकतात. चारही फळ्या चिकटवून टाकल्या तर वायरपर्यंत हात पोचत नाही.

गिरमिट
साफ असहमत. हिशेब करून बघा. 150 मिमी, म्हणजे सहा इंची चौकोनी खांब धरा. तो 25 मिमी जाडीच्या फळ्यांचा पोकळ केला तर भरीवच्या मानाने लाकूड उरतं 56 टक्के. पण उंच खांबाला खरी भीती असते ती वाकण्याची, आणि वाकण्याला होणारा विरोध 80 टक्के शिल्लक राहतो. मधलं लाकूड त्यात फार थोडा वाटा उचलतं, बहुतेक काम कडेचं लाकूड करतं. चांगला सुका साग आणि नीट सांधे असतील तर साध्या माळ्याला एवढं पुरून उरतं. बांबू पोकळच असतो ना? त्यावर आपल्याकडे अख्खे मांडव उभे राहतात.

ओटीपडवी
बांबूला पेरागणिक आतून आडवा पडदा असतो, म्हणून तो चेपत नाही. तुमच्या खोक्यात ते पडदे कुठे आहेत? शिवाय तुळई बसणार फळ्यांच्या एक इंची कडांवर. आणि कोकणातला पाऊस! चार महिने लाकूड दमट हवेत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. कोपऱ्यांतल्या सरसाला दरवर्षी ही ओढाताण सोसावी लागते. खांबाची मदार मी त्या सरसावर ठेवणार नाही.

गिरमिट
पडदे घालायचेच असतात. वरच्या आणि खालच्या टोकाला सहा-सहा इंच उंचीचा भरीव ठोकळा, मध्ये आणखी एक, आणि प्रत्येकातून वायरीच्या पाईपापुरतं भोक. तुळई ठोकळ्यावर बसते, कडांवर नाही. कोपरे 45 अंशात कापून आतून पट्टी मारली आणि पाण्याला दाद न देणारा सरस वापरला की तो सांधा सुटत नाही.

तळखडा
तुम्ही दोघंही खोक्याभोवतीच फिरताय. भरीव खांबाला मधोमध उभं भोक पाडा की! 150 मिमीच्या खांबात 40 मिमीचं भोक पाडलं तर लाकूड सहा टक्क्यांहूनही कमी जातं, आणि वाकण्याच्या विरोधात अर्धा टक्काही फरक पडत नाही. अमेरिकेतल्या जुन्या कापडगिरण्यांत लाकडी खांब मुद्दाम असे मधून पोखरत, सुमारे दीड इंची भोक. लाकूड वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने आकसतं ते गाभ्याकडे आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून भरीव खांबाला उभ्या भेगा जातात. मधून हवा खेळली तर तो आतूनही सुकतो आणि भेगा कमी पडतात.

अडचण आहे ती भोक सरळ पाडण्याची. लांब गिरमिट (भोक पाडायचं हत्यार) लाकडाच्या रेषांच्या मागे भरकटतं. त्यापेक्षा खांब उभा चिरून दोन्ही अर्ध्यांत खाच मारावी आणि पुन्हा चिकटवावा. हे नव्या खांबाबद्दल बोलतोय. तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभ्या असलेल्या जुन्या नक्षीच्या खांबाला कुणीही हात लावू नये.

फेज न्यूट्रल
वायरिंगचं काम करतो, म्हणून लिहितो. भोक कसलंही असो, आत पाईप हवाच. उंदीर पोकळीत शिरतात आणि वायरीचं आवरण कुरतडतात. 16 अँपिअरच्या पॉइंटला 4 चौरस मिमीची वायर घाला आणि बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. इंटरनेटची केबल विजेच्या पाईपात घालू नका. पाण्याची नळीही त्या खांबात नको. आणि पाईपाभोवतीची फट दोन्ही टोकांना बुजवा, नाहीतर खाली आग लागली तर ती पोकळी धुराड्यासारखी जाळ थेट माळ्यावर नेईल.

उघडणाऱ्या फळीबद्दल मात्र ओटीपडवींशी सहमत नाही. सरळ उभ्या पाईपातून जुनी वायर ओढून त्याच ओढीने नवी घालता येते.

चुलीपाशी
गॅसची तांब्याची नळीही त्यातूनच उतरवली तर? ओट्यावर शेगडीही ठेवायची आहे.

फेज न्यूट्रल
नको ताई, अजिबात नको. स्वयंपाकाचा सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. नळी झिरपली तर तो खांबाच्या तळाशी साठेल, आणि तिथेच तुमचा सॉकेट असणार. गॅसची नळी उघडी, डोळ्यांसमोरच राहू द्या.

ओटीपडवी
तळखडांचा चिरून जोडलेला खांब मला पटतो, कारण त्यात लाकूड जवळपास भरीवच राहतं. खोक्याबद्दल माझं मत तेच आहे, आणि खरं कारण वाळवी. आमच्याकडे भरीव खांबावर ठोकून बघतात. आवाज बदबद आला की समजायचं, आतून खाल्लाय. घरातल्या आजीलाही हे कळतं. मुळात पोकळ असलेला खांब पहिल्या दिवसापासून तसाच वाजणार, मग कळणार कसं?

गिरमिट
हा मुद्दा वजनदार आहे. जोडण्याआधी आतल्या चारही बाजूंना वाळवीचं औषध लावतो, खांबही दगडावरच ठेवतो, पण पुढची तपासणी होत नाही हे खरं. तळाच्या ठोकळ्याच्या वर हात जाईल एवढं झाकण ठेवलं तर? बॅटरी मारून आत बघता येईल आणि फळी जागची हलणार नाही.

ओटीपडवी
झाकण अरुंद, फळीच्या मधोमध, कोपऱ्यांपासून लांब असेल तर चालेल. आणि ते ओट्याच्या कपाटामागे झाकलं जाता कामा नये, मेमध्ये उघडता आलं पाहिजे. तरीही माळ्याची तुळई मी त्यावर टेकवणार नाही.