पुतण्याच्या गोळ्या १० दिवसाच्याच दिल्या, काय करावं?

पारोळ्याकडचा काका
नमस्कार मंडळी, गावाचं नाव टाकत नाही, समजून घ्या. माझा मोठा भाऊ ट्रकवर होता, सुरत नागपूर लाईन, ५ वर्षांपूर्वी गेला. तो गेल्यावर वहिनीची एचआयव्हीची तपासणी झाली, तिला निघाला, मग पोरांची. पोरगी १४ ची, तिला काही नाही. पोरगा १० चा, त्याला आहे. मायलेक दर महिन्याला एआरटी सेंटरला (सरकारी, एचआयव्हीच्या गोळ्या मोफत मिळतात तिथे) जातात, आजपर्यंत कधी अडचण आली नव्हती पण या वेळेस वहिनीच्या महिन्याच्या दिल्या आणि पोराच्या फक्त १० दिवसाच्या, म्हणे स्टॉक नाही, परत या. आता वेचणीचे दिवस, एक चक्कर म्हणजे तिची मजुरी बुडते, पोराची शाळा बुडते आणि सारखी सारखी कुठे जाते म्हणून गल्लीतल्या बाया विचारतात ते वेगळंच. ती बाटलीवरचं लेबल नखाने खरडून काढते आणि आत कापूस कोंबते, का तर एसटीत गोळ्या वाजू नयेत. परवा मला म्हणे, "मी मरी जासू ते पोरेस्ले कोन देखी?" मला काही बोलताच आलं नाही.

दुसरं, पोराला आम्ही ताकदीच्या गोळ्या सांगितलंय. आता तो विचारतो मग ताईला का नाही देत? काय सांगू? आणि आमची आई त्याचा पेला अजून वेगळा ठेवते.

भुसावळची ताई
भाऊ, आधी पेला एकत्र करा, आजच. सोबत जेवल्याने, एका पेल्याने पाणी पिल्याने हे होत नाही. आईंना रागावू नका, पोराच्या पेल्यातलं पाणी तुम्ही त्यांच्यासमोर प्या, मी माझ्या सासूबाईंसमोर असंच केलं होतं.

गोळ्यांचं मात्र मनावर घ्या. माझे मिस्टर २००१ ला आजारी पडले. तेव्हा सरकारी गोळी नव्हती, विकत आणायची, महिन्याचे दीड-दोन हजार. मळा विकला. पैसे असले की गोळ्या, संपले की बंद, परत कुठून उसने आणले की चालू. असं धरसोड केलं की विषाणू औषधाला दाद देत नाही हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. २००३ च्या दिवाळीनंतर ते गेले, आणि १ एप्रिल २००४ ला सरकारने महाराष्ट्र धरून ६ राज्यांत मोफत गोळ्या सुरू केल्या. पाच महिने भाऊ, पाच महिन्यांनी हुकलं. मलाही आहे, मी सुरुवातीला गोळ्यांसाठी रात्रीच्या गाडीने मुंबईला जे.जे.ला जायची, आज २० वर्षांच्या वर झालं, शिलाई मशीन चालवते, नातू खेळवते. वहिनीला हे वाचून दाखवा.

जुना समुपदेशक, धुळे
मी या कामात बरीच वर्षं काढली म्हणून लिहितो. १० दिवस संपायची वाट बघू नका, एक दिवसही खंड नको. हिरवं पुस्तक (सेंटरने दिलेलं पेशंटचं) घेऊन सेंटरच्या डॉक्टरांना भेटा (खिडकीवरून परत फिरू नका) आणि विचारा की जवळच्या दुसऱ्या सेंटरवर पोराच्या गोळ्या आहेत का, फोन त्यांनाच करायला लावा, एका सेंटरचा पेशंट अडचणीत दुसरीकडून गोळ्या घेऊ शकतो. सोबत साधा अर्ज द्या, किती दिवसाच्या मिळाल्या, कोणत्या तारखेला संपतात एवढंच, आणि पोच घ्या. एक कॉपी जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकाला, म्हणजे डापकूला. १०९७ हा एड्स हेल्पलाईनचा फुकट नंबर आहे, तिथेही सांगा. आपल्या मनाने डोस कमी करून पुरवायचं मात्र करू नका, खूप घरांत हेच करतात.

वहिनींच्या प्रश्नावर. २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यात अशाच घरांचा विचार करून एक कलम आहे, १२ ते १८ वर्षांचं मोठं भावंड समजदार असेल आणि घर तेच सांभाळत असेल तर धाकट्याच्या शाळा प्रवेशाला, बँक खात्याला, उपचाराला पालक म्हणून उभं राहू शकतं. पुतणी १४ ची आहे. पण वहिनी गोळ्या नीट घेतायत तर मरणाची भाषा आत्ता कशाला, त्यांचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) विचारा, तो तपासणीत सापडत नसेल इतका कमी असला तर त्या पोरांची लग्नं बघतील. बालसंगोपन योजनेचाही फॉर्म भरा, मुलामागे महिना २२५० आहेत, महिला व बालविकास कार्यालयात.

तापीकाठचा
मी जन्मापासून पॉझिटिव्ह, आता २४ चा आहे, नोकरी करतो. मला ११ व्या वर्षी कळलं ते पण पावतीवर वाचून, घरच्यांनी सांगितलं नव्हतं. दोन वर्ष मी आईशी नीट बोललो नाही, गोळ्या गादीखाली टाकायचो. म्हणून सांगतो काका, तुम्हीच सांगा, हळूहळू, काउन्सेलर ताईंना सोबत घेऊन. आधी एवढंच की तुझ्या रक्तात एक विषाणू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते, रोज घेतली की तो उठत नाही. नाव नंतर सांगा. आणि यात तुझी काही चूक नाही हे पहिल्याच दिवशी सांगा.

आणि स्टॉक नाही ऐकून गप्प परत येणं बंद करा. गोळ्या आपोआप स्वस्त नाही झाल्या. आधी वर्षाला १० हजार डॉलरच्या वर खर्च होता, २००१ मधे आपल्याकडच्या सिप्ला औषध कंपनीने दिवसाला एक डॉलरच्या आत देतो म्हटलं. तिकडे साउथ आफ्रिकेत झॅकी अखमत स्वतः पॉझिटिव्ह असून सरकारी दवाखान्यात सगळ्यांना मिळेपर्यंत मी गोळी घेणार नाही म्हणून अडून बसला, त्यांची संघटना कोर्टात गेली, २००२ मधे गरोदर बायांसाठी औषधाची केस जिंकली. आपल्याकडे २०२२ ला स्टॉक नव्हता तेव्हा दिल्लीत नॅकोच्या (केंद्राची एड्स नियंत्रण संस्था) ऑफिसात पेशंट लोकांनी महिनाभराच्या वर धरणं दिलं. आपल्या सेंटरला त्या दिवशी रांगेत अजून कोणाच्या पोराला १० दिवसाच्या दिल्या ते विचारा, चार जण मिळून एक अर्ज द्या.

पारोळ्याकडचा काका
सगळ्यांचे आभार. आज मी स्वतः गेलो, वहिनीसोबत. अजून तीन आया निघाल्या, एक चोपड्याकडची, तिच्या पोरीच्या तर ५ च दिवसाच्या. चौघींनी मिळून अर्ज दिला, दोघींनी अंगठा लावला, पोच घेतली. डॉक्टरांनी तिथेच दुसरीकडे फोन केला, परवा २० दिवसाच्या गोळ्या येतील म्हणे, मी पुन्हा जाणार आहे. येताना एसटीत वहिनीने पहिल्यांदा विचारलं की त्या भुसावळच्या ताईंशी बोलता येईल का. ताई, नंबर इथे नका टाकू, मला मेसेज करा.