शिजवलेला कांदा कुत्र्याला चालतो का?

मोतीचं_घर, कोल्हापूर
आमचा मोती गावठी, वजन दहा किलोच्या आसपास. सासूबाई त्याला रोज भाकरी कुस्करून वर रस्सा घालतात. कांदा-लसूण मसाला असतोच. मी नको म्हटलं की म्हणतात, "गावाकडची कुत्री हेच खाऊन जगली." शिजवल्यावर कांदा बाधत नाही ना? रविवारी सत्यनारायण आहे, प्रसादाचा शिराही त्याला मिळणारच.

जुना_ड्रेसर
ताई, बाधतो. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी झाली माझी, म्हणून कळकळीनं सांगतो. कांद्या-लसणातली गंधकाची द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. उकळा, तळा, ती जात नाहीत. वाळवलं तर पाणी उडून जोर वाढतो, आणि तुमचा मसाला वाळवलेलाच. लसूण तर कांद्याहून जहाल. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्यानं रक्तात फरक दिसतो, म्हणजे मोतीला दीडशे ग्रॅमही पुरे. रोज थोडा थोडा गेला तरी अपाय साचत जातो. त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस होते. तोवर कांदा कुणाच्या लक्षातही नसतो. गावाकडची कुत्री जगली म्हणता, पण त्यातलं एखादं झुरून गेलं तेव्हा त्याचं रक्त कुणी तपासलं होतं?

शिऱ्यात बेदाणे घालू नका. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडं निकामी होतात, आणि किती खाल्ले तर सुरक्षित हे सांगता येत नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, दुसरं थोडक्यात जातं. 2021 पासून त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे. तेच चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंचेची आमटीही नको. शिऱ्यातलं केळं चालतं. तूप-साखर आहे, तेव्हा बोटभरच द्या.

शेरूची_आजी
सासूबाईंचा हात अडवू नका, त्यांना खाऊ घालायची हौस आहे. आलं-लसूण लावायच्या आधी मटणाचे चार तुकडे वेगळे उकडून ठेवायला सांगा. शिजलेली हाडं मात्र नकोत, चिरफळ्या होऊन आतड्यात रुततात. चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगगमही उंचावर ठेवा. त्या गममध्ये साखरेऐवजी घातलेल्या झायलिटॉलनं अर्ध्या तासात कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरते.

मोतीचं_घर
सगळं वाचून दाखवलं. शिरा बेदाण्यांशिवाय करायचं ठरलंय. त्या विचारतात, पाहुण्यांपैकी कुणी बेदाणे घातलेच तर?

जुना_ड्रेसर
लगेच डॉक्टरकडे. पहिल्या दोन तासांत ते उलटी करवून बरंच बाहेर काढू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानंच जीव जातो. किती खाल्ले, किती वाजता, हे लिहून न्या. चांगला खेळतोय म्हणून थांबू नका, मूत्रपिंडाचा त्रास एक ते तीन दिवसांनी दिसतो. आणि रविवारी दवाखाना कुठला उघडा असतो ते शनिवारीच फोन करून विचारा.