पेज फॉल्ट: वेगळं किती, सारखं किती?

प्रत्येक प्रोसेसरचं हार्डवेअर वेगळं, म्हणून लिनक्स कर्नेलमधला पेज फॉल्टचा (प्रोग्रामला हवं ते मेमरीचं पान हाताशी नसलं किंवा त्याची परवानगी नसली की येणाऱ्या अडथळ्याचा) कोड एकत्र करता येणार नाही, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. फरक आहे, पण सुरुवातीपुरता. फॉल्ट ज्या मेमरी पत्त्यावर झाला तो प्रत्येक प्रोसेसरवर वेगळ्या रजिस्टरमध्ये मिळतो: एक्स८६ वर सीआर२ मध्ये, आर्म६४ वर एफएआर मध्ये, रिस्क-व्ही वर एसटीव्हॅलमध्ये. पत्ता कळला, वाचन होतं की लेखन हे कळलं, की पुढे सगळीकडे तेच: लॉक घ्या, व्हीएमए (तो पत्ता प्रोसेसच्या मेमरीच्या ज्या भागात येतो त्याची नोंद) शोधा, लागलाच तर स्टॅक वाढवा, परवानगी तपासा.

हाच कोड प्रत्येक आर्किटेक्चरच्या (प्रोसेसर प्रकाराच्या) फाइलीत नकलून ठेवलेला होता. या नकलांची किंमत लिनक्सने २०२३ मध्ये स्टॅकरॉट या सुरक्षा त्रुटीच्या वेळी मोजली. स्टॅक नुसत्या रीड लॉकखाली (जो एका वेळी अनेकांना घेता येतो) वाढवला जात होता, तिथे राइट लॉक (एका वेळी एकालाच मिळणारा) हवा होता. तोच बदल किती फाइलींत करायचा! शेवटी लिनक्स ६.५ मध्ये लॉक घेऊन व्हीएमए शोधणारं एकच सामायिक फंक्शन आलं आणि बऱ्याच आर्किटेक्चरनी ते उचललं.

रिट्रायचा, म्हणजे फॉल्ट पुन्हा हाताळून बघण्याचा भागही असाच सामायिक व्हावा असं मला मनापासून वाटतं. व्हीएम_फॉल्ट_रिट्राय, म्हणजे ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं उत्तर परत आलं तर लॉक आधीच सुटलेला असतो; तो पुन्हा सोडला की घोटाळा. इतकी नाजूक अट प्रत्येक फाइलीत वेगळी का सांभाळायची? परवानगीची तपासणी मात्र आर्किटेक्चरकडेच राहू द्या, एक्स८६ च्या प्रोटेक्शन कीज (मेमरीच्या पानांवरच्या जादा परवानगीच्या खुणा) सामायिक कोडमध्ये नकोत.